फॉर्मवरचा नंबर

डिंगोऱ्याच्या बौद्धवस्तीत राकेशला सगळे साहेब म्हणत. त्याच्या ऑफिसात टेबलावर एक घंटी होती. ती वाजवली की येणारं कोणी नव्हतं. त्यामुळे राकेश ती वाजवायचा, जरा वेळ दाराकडं बघायचा आणि मग स्वतःच उठून माठातलं पाणी आणायचा. जानकाबाईनं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशी तिच्या मनात या माणसाची जी काय किंमत व्हायची ती होऊन गेली.

जानकाबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. सातवीपर्यंत शिकलेली. नवरा खंडू गवंडी; हाताला उत्तम कसब, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतका भिडस्त. एकुलती एक मुलगी कल्याणी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, म्हणून ती आणि अजून तिघी मिळून चौघीजणी एका खोलीत राहत. राकेश खंडूच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे नात्यानं पुतण्या. त्यानं वाणिज्य शाखेचं एक वर्ष केलं, कॉलेज सोडलं आणि ओतूरच्या रस्त्याला एक गाळा घेऊन वर पाटी लावली: 'संकल्प शैक्षणिक मार्गदर्शन केंद्र'. वस्तीतल्या आणि आसपासच्या पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज तो भरायचा. पैसे आले की त्यातला दहावा हिस्सा ऑफिसखर्चाला द्यायचा, असा त्याचा नियम. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडतही नव्हतं.

शिष्यवृत्ती या शब्दाभोवती राकेशनं असं काही धुकं करून ठेवलं होतं की साध्या माणसानं आत पाऊलच टाकू नये. तो "पोर्टल बसलंय" म्हणायचा, "डेस्कला अडकलंय" म्हणायचा, आणि सगळ्यात जास्त वेळा "वर आपला माणूस आहे" म्हणायचा. त्या माणसाचं नाव कोणी विचारलं नाही. जानकाबाईला वाटे, इतकी वर्षं वर बसलेला माणूस एकदा तरी खाली उतरला असता, चहाला आला असता. पण बोलायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी कल्याणीचे पैसे आले तेव्हा खंडूनं राकेशला टॉवेल-टोपी दिली आणि कोंबडीचं जेवण घातलं. तो रस्सा जानकाबाईनंच केला होता. राकेशनं दोनदा भात मागून घेतला, दात कोरत ओट्यावर बसला आणि म्हणाला की काकू, मी नसतो तर पोरगी आज कांदे भरत असती. जानकाबाईनं त्याच्या हातावर पाणी घातलं. त्या गोष्टीची तिला पुढं कितीतरी दिवस शिसारी येत राहिली, त्याच्यापेक्षा स्वतःचीच जास्त.

दुसऱ्या वर्षी पैसे आले नाहीत. जानेवारीत वस्तीतल्या चिमाजीबाबांच्या नातीचे, आरतीचे आले. ती जुन्नरला बी.कॉम. करत होती. अजून दोघांचे आले, कल्याणीचे नाहीत. फेब्रुवारीत कॉलेजनं नोटीस लावली: ज्यांची फी बाकी आहे त्यांचे परीक्षेचे फॉर्म घेतले जाणार नाहीत. कल्याणी फोनवर रडली. कॉलेजातला क्लार्क म्हणत होता की तुझा अर्ज आम्ही चूक दाखवून कधीच परत पाठवलाय, मेसेज गेलाय. कल्याणी म्हणाली, मला मेसेज आलेला नाही. क्लार्क म्हणाला, मग मी काय करू. कल्याणीनं राकेशदादाला फोन केला. दादा हसला. क्लार्क लोक असंच बोलतात, म्हणाला, फाईल वर गेलीय, फक्त हलवायला तीन हजार लागतील.

खंडूनं बिचाऱ्यानं ठेकेदाराकडं उचल मागितली. पैसे खिशात घेऊन तो राकेशकडं निघाला तेव्हा जानकाबाई दारात आडवी उभी राहिली.

"चार दिवस थांबा," ती म्हणाली.

खंडू म्हणाला की पोरीचं वर्ष जाईल. राकेश आपलाच पोरगा आहे, त्याला राग यायला नको.

"आपलाच हाय म्हनून तर सांगते. परक्यानं लुटलं तर निदान जेवायला तरी घालावं लागत न्हाई."

खंडूनं पैसे परत डब्यात ठेवले. तो तिच्या मताचा झाला होता असं नाही, पण दारातून तिला बाजूला सारण्याची त्याची छाती नव्हती.

दोन दिवसांनी अंगणवाडीच्या कामानं जानकाबाई जुन्नरला गेली. सेविकेनं वजनाच्या नोंदवहीच्या झेरॉक्स काढून आणायला सांगितल्या होत्या. स्टँडसमोरच्या गल्लीत अनिसाचं दुकान होतं: एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या. अनिसा चाळिशीची, डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरचा माणूस आता काहीतरी मूर्खपणाचं बोलणार हे तिला आधीच ठाऊक आहे. भिंतीवर तिनं हातानं लिहून एक पुठ्ठा लावला होता: 'स्वतःचा फॉर्म स्वतः भरणाऱ्यास खुर्ची मोफत. आमच्याकडून भरून घेणाऱ्यास शंभर रुपये.' त्याखाली बारीक अक्षरात होतं: 'पासवर्ड सांगू नये. आम्हालापण नाही.'

जानकाबाई गेली तेव्हा एक बाप-लेक समोर बसले होते. बाप म्हणत होता, मॅडम तुम्हीच भरा, याला काय कळत नाही. पोरगा इंजिनिअरिंगला होता. अनिसानं पोराकडं पाहिलं आणि विचारलं, "इंजिनिअर होणार ना तू? मग पूल कोण बांधणार? मीच?" पोरानं मान खाली घालून माउस हातात घेतला.

जानकाबाईला ही बाई पाहताक्षणी आवडली. झेरॉक्स होईपर्यंत तिनं पुठ्ठा दोनदा वाचून काढला, आणि मग तिनं हळूच विचारलं की अर्ज दुसऱ्यानं भरला असेल आणि तो कुठं अडकलाय ते बघायचं असेल, तर काय करायचं.

"पासवर्ड कोणाकडे आहे?"

"ज्यानं भरलाय त्याच्याकडं."

"आणि पोरगी काय शिकते, मावशी?"

"बी.एस्सी."

अनिसानं चष्मा काढून पुसला. तेवढ्यानंच जानकाबाईच्या कानशिलापर्यंत लाज चढली. ही बाई काही वावगं बोललीच नव्हती, तरी जे बोलली नव्हती ते सगळं ऐकू आलं.

कल्याणीच्या आधारची झेरॉक्स जानकाबाईच्या पिशवीत कायम असायची. पोरगी लहान असताना आधार काढलं होतं, तेव्हा घरात एकच मोबाईल होता, त्यामुळे आधारला नंबर जानकाबाईचा जोडलेला. अनिसानं कल्याणीला फोन लावून परवानगी घेतली आणि पासवर्ड बदलायची खटपट सुरू केली. ओटीपी जानकाबाईच्या फोनवर आला. ओटीपी तिला नवा नव्हता. अंगणवाडीत पोरांची वजनं ॲपमध्ये भरताना सेविका दिवसातून दहा वेळा ओटीपी ओटीपी करते. जानकाबाईनं सहा आकडे मोठ्यानं वाचले. अनिसानं बोटानं खूण केली: हळू वाचा, मागं लोक आहेत.

अर्ज उघडला. अनिसानं खुर्ची सरकवली आणि जानकाबाईला म्हणाली, तुम्हीच वाचा.

"मला कुठं..."

"मराठीत आहे. वाचा."

जानकाबाईनं वाचलं. अर्ज परत पाठविला. कारण: गुणपत्रिका अर्जदाराची नाही. तारीख अकरा डिसेंबरची होती. आता फेब्रुवारी संपत आला होता. जोडलेली गुणपत्रिका अनिसानं उघडून दाखवली. ती आरतीची होती, बी.कॉम.ची. बी.एस्सी.च्या पोरीच्या अर्जाला बी.कॉम.ची गुणपत्रिका! ज्यानं जोडली त्यानं ती उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

"आणि मेसेज?" जानकाबाईनं विचारलं.

अनिसानं वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. मोबाईल नंबरच्या रकान्यात फुल्या फुल्या होत्या आणि शेवटचे चार आकडे उघडे होते: १४१४. डिंगोऱ्यात शेंबड्या पोरालाही हे चार आकडे पाठ होते. राकेशनं पैसे मोजून तो नंबर घेतला होता. त्याच्या पाटीवर तोच होता, मोटारसायकलच्या मागं तोच रंगवलेला होता, कार्यक्रमांच्या फ्लेक्सवरही त्याच्या फोटोखाली तोच असायचा.

"हे एजंट लोक असंच करतात," अनिसा म्हणाली. "सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकतात. म्हणजे पैसे आलेले पहिले यांना कळतात, आणि अडकलेले फक्त यांनाच कळतात. तुमच्याकडं तीन हजार मागितले का?"

जानकाबाईनं मान हलवली.

"स्वस्तात सुटलात. मागच्या आठवड्यात तळेघरची एक बाई आली होती, तिच्याकडून आठ घेतले."

कल्याणीनं खरी गुणपत्रिका फोनवर पाठवली. ती जोडून, नंबर बदलून, अर्ज पुन्हा पाठवायला पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटं. मधली दोन अडीच महिन्यांची पोरीची रड, खंडूची उचल, 'वर बसलेला माणूस', हे सगळं एवढ्या पंचवीस मिनिटांसाठी होतं. जानकाबाईला राग यायला हवा होता, पण रागसुद्धा माणसाच्या लायकीप्रमाणं येतो. तिला फक्त किळस आली, अळी पडलेली वांगी निवडताना येते तशी.

जायच्या आधी तिनं अनिसाला विचारलं की हे सगळं मिळून असतं तरी काय, एकदा नीट सांगा. अनिसानं तिच्या हातात पेन दिलं आणि एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लावलं. शिष्यवृत्ती म्हणजे फी आणि वर थोडा निर्वाह भत्ता. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, तर फ्रीशिप. त्यात फी सुटते, भत्ता नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप होत नाही. आणि ज्या पोरांना वसतिगृह मिळालं नाही, बाहेर खोली करून राहतात, त्यांच्यासाठी स्वाधार. त्याचा अर्ज वेगळा. खोलीचा भाडेकरार, हजेरी, मार्कांची अट. दोन्ही मिळू शकतात. शिष्यवृत्तीतला भत्ता तेवढा त्यातून वजा होतो.

जानकाबाईचं पेन स्वाधारवर थांबलं. "आमच्याकडं सांगितलं की ते निराधार लोकांसाठी आस्तंय. आई-बाप नसल्याली."

अनिसा पहिल्यांदा हसली. "नाव बघून सांगितलं असेल. त्याच्या पुढं वाचलंच नसेल."

एसटीत बसल्यावर जानकाबाईनं कल्याणीला फोन लावला. पोरगी आनंदानं बोलायला लागली, पण आईनं तिला मध्येच थांबवलं.

"पंधरा वर्सं शाळा शिकलीस," ती म्हणाली. "स्वतःच्या नावाचा कागुद एकदा उघडून बघितला न्हाईस. त्या राकेशला तरी मी काय बोलू? त्याचा धंदा हाय. तुजं काय व्हतं?"

कल्याणी म्हणाली की सगळ्याच पोरी दादाकडून भरून घेतात.

"सगळ्या मेंढ्या खड्ड्यात गेल्या मंजी खड्डा बरोबर व्हतो व्हय गं?"

शेजारच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली तसा जानकाबाईनं फोन ठेवला. पोरीला लागलं असणार हे तिला कळत होतं. लागू दे, असंही वाटत होतं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणारी पोरगी आपल्या पोटी यावी, आणि त्या ओंजळीवर आपणच दोन वर्षं पाणी ओतावं, याचं तिला जास्त वाईट वाटत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी विहारात बैठक होती. जयंतीच्या मिरवणुकीचं, खिरीचं, वक्त्याचं ठरवायचं होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला, पुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर चिमाजीबाबा. वस्तीतले सगळ्यात वयस्कर म्हणून अध्यक्ष तेच असायचे. राकेश पांढरा शर्ट घालून आला होता. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद पडलेलं. जानकाबाईला हेही माहीत होतं, कारण पहिल्या वर्षी तिच्या सहीसाठी त्यानं आधी तेच दिलं होतं.

बाकीचे विषय झाले आणि चांगदेव नावाचा राकेशचा मित्र उठला. जयंतीच्या व्यासपीठावर राकेशसाहेबांचा सत्कार व्हावा, असं त्यानं मांडलं. समाजातल्या पन्नासेक विद्यार्थ्यांना साहेबांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आणि साहेबांनी शिकण्याची वाट मोकळी केली. राकेश नम्रपणानं जमिनीकडं बघत होता. तो नम्रपणा त्याला नव्या चपलेसारखा चावत असावा, कारण तो सारखा जागा बदलत होता.

जानकाबाई उभी राहिली. बायकांच्या बाजूनं सहसा कोणी उभं राहत नसे, म्हणून लोक गप्प झाले.

"सत्कार करा," ती म्हणाली. "माझं काय म्हननं न्हाई. पन त्याच्या आदी राकेशनं डिसेंबरच्या अकरा तारकंला त्याच्या मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दावावा."

राकेशनं मान वर केली. चेहऱ्यावर हसू होतं. काकूंना काहीतरी गैरसमज झालाय, तो म्हणाला. त्याला रोज शंभर मेसेज येतात.

"कल्यानीच्या नावाचा. अर्ज परत आल्याचा. तिच्या फॉर्मवर तुजा नंबर हाय, म्हनून तुलाच आला आसंल."

आता पुरुषांच्या बाजूला जरा चुळबुळ झाली. राकेशचं हसू गेलं नाही, पण ते पातळ झालं. तो लोकांकडं वळून बोलला, जानकाबाईकडं नाही. पोर्टल म्हणजे काय हे समजायला अभ्यास लागतो. तांत्रिक बाबी असतात. उद्या अंगणवाडीत खिचडी ढवळणाऱ्या बायांनी पोर्टल शिकवायला सुरुवात केली तर समाज कुठं जाईल?

दोघंतिघं हसले. खंडू पुरुषांच्या मागच्या रांगेत होता. त्यानं बायकोकडं पाहून हात खालीवर केला: बस, जाऊ दे. जानकाबाईनं तो हात बघितला आणि सोडून दिला.

"खिचडी ढवळते मी," ती म्हणाली. "वीस वर्सं ढवळते. त्यातला एक दाना कुन्या पोराचा मी माज्या ताटात घेतला न्हाई. तुज्या पोर्टलात बी.एस्सी.च्या पोरीला बी.कॉम.चा कागुद जोडलाय. आमच्या पोरांच्या ताटात मी आशी चूक केली आस्ती तर पोरं मेली आस्ती."

यावेळी कोणी हसलं नाही. आरती सतरंजीच्या कडेला बसली होती. तिनं हळूच विचारलं, "बी.कॉम.चा म्हणजे कुणाचा?"

"तुजा."

चिमाजीबाबांनी काठी जमिनीवर टेकवली आणि म्हणाले, वाच की राकेश. बाई एवढं म्हणतेय तर वाचून दाखव, म्हणजे विषय मिटला.

राकेश म्हणाला की वाचला असता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण फोन चार्जिंगला घरी लावून आलोय.

आरतीनं आपला फोन मांडीवर घेतला आणि खाली मान घालून नंबर लावला. राकेशच्या विजारीच्या खिशातून भीमगीत वाजायला लागलं. ते चांगलं खणखणीत वाजलं, एक कडवं पूर्ण. राकेशनं खिशावर हात दाबून धरला तरी वाजतच राहिलं.

हसण्याला पहिली सुरुवात एका म्हातारीनं केली. मग बायकांची बाजू हसली, मग पोरं हसली, आणि शेवटी चांगदेवही हसला, जो दोन मिनिटांपूर्वी सत्कार मांडत होता. आरडाओरडा कोणीच केला नाही. कोणी राकेशला चोर म्हणालं असतं, तर तो भांडला असता. भांडण त्याला येत होतं. हसण्याचं काय करायचं हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

चिमाजीबाबांनी हात पुढं केला. राकेशनं फोन दिला. बाबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो नातीकडं दिला. आरतीनं डिसेंबरपर्यंत मागं जाऊन वाचलं. कल्याणीच्या अर्जाचे तीन मेसेज होते. दुसऱ्या दोन पोरांच्या अर्जांचेही होते. ते दोघं तिथंच बसले होते. त्यांच्याकडूनही फाईल हलवण्याचे पैसे घेतलेले होते. आरती वाचत असताना राकेश म्हणत होता की हे तांत्रिक आहे, नेटवर्कमुळे होतं. मग त्यानं फोन घेतला आणि एका कार्यक्रमाला जायचंय म्हणून निघून गेला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच घरांतली पोरं त्याच्या गाळ्यात जाऊन पासवर्ड लिहून घेऊन आली. राकेशनं दिले. प्रत्येकाला त्यानं सांगितलं की तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण जानकाकाकूला माझी प्रगती बघवत नाही.

जानकाबाईला वाटलं होतं की आता हा माणूस संपला. ती तिची चूक होती, आणि पुढं ती स्वतःच हे कबूल करायची. जयंतीच्या चार दिवस आधी रस्त्यावर फ्लेक्स लागला. त्यावर राकेशचा फोटो होता, गॉगल लावलेला. सत्कार होता. फक्त मजकूर बदलला होता. 'शिष्यवृत्ती मिळवून दिल्याबद्दल' हे काढून 'सामाजिक कार्याबद्दल' असं घातलं होतं. चांगदेवानं खंडूला समजावून सांगितलं की शाल आणि स्मृतिचिन्ह आधीच आणलेलं होतं. नाव कोरलेलं होतं त्याच्यावर, परत घेत नाहीत. खंडूला हे पटलं. तो घरी येऊन बायकोलाही पटवायला लागला.

"कोरलंय तर द्यावंच लागंल," जानकाबाई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

ती कार्यक्रमाला गेली. पुढं बसली. राकेशला शाल घातली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहारात हसलेल्यांनीही वाजवल्या. ज्या दोन पोरांकडून त्यानं पैसे घेतले होते, त्यातल्या एकाच्या बापानं त्याच्या गळ्यात हार घातला. त्या बापाच्या धाकट्या पोराचा अर्ज यंदा भरायचा होता, आणि राकेशसाहेबाशी वैर नको. जानकाबाई हे सगळं बघत होती. आपण एका माणसाला तुच्छ समजत होतो, हे आपलं मोजमाप फार लहान होतं, असं तिच्या लक्षात आलं. एकटा राकेश काय करणार होता? त्याला साहेब म्हणायला शंभर माणसं लागतात, आणि ती शंभर माणसं समोर बसून टाळ्या वाजवत होती. त्यांतला एक तिचा नवरा होता. तो हळू टाळ्या वाजवत होता, कोणाला ऐकू येणार नाही इतक्या, पण हात हलताना दिसतील इतक्या.

खीर चांगली झाली होती. तिनं दोन वाट्या खाल्ल्या.

मार्चमध्ये कॉलेजनं अर्ज पुढं पाठवला होता. अर्ज मान्य झाल्याचा कागद दाखवल्यावर परीक्षेचा फॉर्मही घेतला. कल्याणीनं परीक्षा दिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे तिच्या खात्यावर आले, आणि मेसेज तिच्याच फोनवर आला. ती तेव्हा सुट्टीला घरी होती. तिनं तो आईला दाखवला. जानकाबाईनं वाचला, सगळा, शेवटच्या टिंबापर्यंत, आणि फोन परत दिला.

दुसऱ्याच दिवशी वस्तीत कानावर आलं की राकेश सांगत फिरतोय: कल्याणीचे पैसे शेवटी त्यानंच काढून दिले. वर माणूस होता म्हणून झालं, नाहीतर जानकाकाकूनं घोळ घालून ठेवला होता. हे ऐकून कल्याणी चवताळली. आता त्याच्या गाळ्यात जाते आणि चार लोकांत विचारते, म्हणाली. केस बांधून, ओढणी घेऊन ती निघालीसुद्धा. जानकाबाई ओसरीत बसून नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"कुटं निगालीस?"

"त्याला जाब विचारायला."

"जाब इचारायला समोर मानूस लागतो," जानकाबाई म्हणाली. "त्याच्यापाशी भांडत बसलीस तर लोकं म्हनतील दोगं बराबरीची हायती."

कल्याणी उंबऱ्यावर घुटमळली. लहानपणापासून त्याला दादा म्हटलेली पोरगी. तिचा राग तिच्या आईच्या रागापेक्षा नवा होता आणि जास्त भाजत होता. तिला वाटत होतं की आईनं निदान एकदा तरी मोठ्यानं काहीतरी म्हणावं. जानकाबाई सूप हलवत राहिली, कोंडा उडत राहिला.

"घरमालकानं भाडेकरार दिला का?" तिनं विचारलं.

कल्याणी म्हणाली की घरमालक आज देतो उद्या देतो करतोय.

"मंग तिकडं जा. चौघींच्या नावानं करून घे, एकटीच्या न्हाई. त्या तीन पोरींनी तरी स्वाधारचं नाव ऐकलंय का?"

"नाही."

"त्यांचे फॉर्म कोन भरतं?"

कल्याणीनं ओढणी खुंटीला अडकवली, आत जाऊन आपली फाईल काढली आणि पुण्याची सकाळची गाडी किती वाजता आहे ते बघायला लागली.